शाल-श्रीफळाच्या आधी

शाहूपुरीकरांनो, सीपीआर रुग्णालय आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. घरचं कुणी दाखल झालं की सिस्टर चांगली की खडूस, हे आपण दोन मिनिटांत ठरवून मोकळे होतो. रात्रपाळीला ती एकटी किती पेशंट सांभाळते, हे कुणी विचारत नाही.

माणसाचं मन कामात कशानं लागतं, यावर फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्ये मांडलं, की पगार आणि सोयी नसल्या तर माणूस नाराज होतो; पण जीव ओतून काम करतो तो दाद, जबाबदारी आणि शिकायची संधी मिळाली तर. पटण्यासारखं आहे. तरी मी म्हणेन, दवाखान्यातल्या रिकाम्या जागा आधी भरा. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी संपावर गेले, त्यात परिचारिकाही होत्या. रुग्णांचे हाल झाले, हे खरं. पण ज्याला उद्याची खात्री नाही, त्यानं आज हसतमुख राहावं, ही अपेक्षा जरा जास्तच.

त्याहून वाईट म्हणजे भीती. डॉक्टर-परिचारिकांना मारहाण करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीची दुप्पट भरपाई, असा कायदा महाराष्ट्रात 2010 पासून आहे. तरी पेशंट दगावला की जमाव येतोच. अंगावर धावून गेलात की तुमचा डॉक्टर लढत नाही, सावध होतो. अवघड केस हातात घेण्याऐवजी ‘पुढे न्या’ म्हणतो. मग रात्री अँब्युलन्स शोधत फिरायची पाळी आपल्यावरच.

याच सीपीआरचं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं तेव्हा, 1886 मध्ये, कोल्हापूर संस्थाननं डॉ. आनंदीबाई जोशींची स्त्री विभागासाठी नेमणूक केली होती. रुजू होण्याआधीच त्या गेल्या, पण डॉक्टरला मानानं बोलावण्याची रीत या गावाला नवी नाही.

तेव्हा एवढं करा. पेशंटजवळ एकानंच थांबावं आणि विचारपूसही त्यानंच करावी. पाळी बदलताना सिस्टरला अडवू नका. वॉर्डातल्या मामा-मावशींना अरेतुरे नको. चांगली सेवा मिळाली तर पेढ्यांसोबत अधिष्ठात्यांच्या नावे चार ओळी लिहा, त्यात त्या माणसाचं नाव घाला. तक्रारही अशीच लेखी द्या.

आणि तालीम-मंडळांनो, यंदा गणपतीत सत्कार ठरवण्याआधी वॉर्डात जाऊन काय हवंय ते विचारा. बहुधा शाल नको असेल. रात्रपाळीला पाठ टेकायला खुर्ची, नाहीतर प्यायच्या पाण्याचा फिल्टर हवा असेल. भरतीचा प्रश्न मात्र वर्गणीतून सुटायचा नाही, तो आमदारांना विचारा.