परदेशी संकेतस्थळ उघडत नाही : दोष समुद्रात, धुळ्यात की आदेशात?

दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला जाणारे आपले तरुण आज बाबासाहेबांना मोबाईलवरही वाचतात. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवली आहे. अनेक जुन्या ग्रंथांच्या स्कॅन प्रती इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. म्हणजे आपल्या अभ्यासाचा मोठा साठा परदेशातल्या सर्व्हरवर आहे.

धुळ्यातल्या अभ्यासिकेत असे एखादे पान उघडत नाही, तेव्हा पोरं नेटवाल्याला फोन लावतात. उत्तर ठरलेले असते : “राउटर बंद करून चालू करा. यूट्यूब चालतंय ना? मग नेट ठीक आहे.”

हे उत्तर दिशाभूल करणारे आहे. यूट्यूबसारख्या बड्या कंपन्यांनी आपला बहुतेक मजकूर भारतातल्याच सर्व्हरवर आणून ठेवलेला असतो. विद्यापीठे, छोटे न्यास आणि ग्रंथालये यांना ते परवडत नाही. त्यामुळे सिनेमा झटकन लागतो आणि ग्रंथ अडकतो. हे का होते, याची चार कारणे समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण समुद्रातले. भारताबाहेर जाणारी जवळपास सगळी माहिती समुद्राखालच्या केबलमधून जाते आणि मुंबई हे त्यांचे मोठे ठाणे आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तजवळ केबल तुटल्या आणि भारताची निम्म्याच्या आसपास क्षमता गेली. ६ सप्टेंबर २०२५ रोजी जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात ‘सी-मी-वी ४’ आणि ‘आयमीवी’ या केबल तुटल्या, तेव्हाही भारतात वेग मंदावला. अशा वेळी एकच नव्हे, अनेक परदेशी संकेतस्थळे रखडतात.

दुसरे कारण कंपनीच्या डीएनएसचे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधून देणारी ही वही आहे. वहीत चूक असेल तर पान सापडत नाही.

तिसरे कारण सामायिक पत्त्याचे. अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे बसवतात. त्यातल्या एकाच्या संगणकाने उपद्रव केला की परदेशातले संकेतस्थळ त्या पत्त्यावरच्या सगळ्यांनाच दाराबाहेर ठेवते.

चौथे कारण सर्वांत गंभीर : बंदीचा आदेश. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार संकेतस्थळ बंद करू शकते. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, पण कारणे लेखी नोंदवण्याची अट अधोरेखित केली. मात्र २००९ च्या नियमांतील नियम १६ मुळे तक्रारी आणि कारवाई गोपनीय राहते. न्यायालयेही बंदीचे आदेश देतात. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे होती आणि त्यात इंटरनेट आर्काइव्हही अडकले. चित्रपटाच्या वादात वाचनालयाला कुलूप लागले!

मग करायचे काय? आधी तपासा. तेच पान दुसऱ्या कंपनीच्या मोबाईल डेटावर उघडा. तिथेही अडले तर दोष संकेतस्थळाचा, केबलचा किंवा सर्वांना लागू असलेल्या आदेशाचा असू शकतो. तिथे उघडले तर दोष आपल्या कंपनीकडे असण्याची शक्यता जास्त. मग राउटरमध्ये डीएनएस बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून पाहा. तेवढ्याने उघडले तर अडचण कंपनीच्या वहीत आहे. ती चुकीमुळे की आदेशामुळे, हे कंपनीलाच विचारावे लागेल. वारंवार ‘तुम्ही माणूस आहात का’ असे विचारले जात असेल, तर सामायिक पत्त्याचा संशय घ्या. दूरसंचार विभागाच्या आदेशाचा उल्लेख पडद्यावर दिसला, तर मामला बंदीचा आहे.

नंतर लिहा. तारीख, वेळ, संकेतस्थळ आणि पडद्याचा फोटो जोडून तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. २०१८ पासून नेट समानतेचे तत्त्व परवान्यांच्या अटींत आहे. आदेशाशिवाय कोणतीही कंपनी आपल्या मर्जीने कायदेशीर मजकूर अडवू शकत नाही. म्हणून एकच प्रश्न लेखी विचारा : हे संकेतस्थळ तुम्ही कोणत्या आदेशाने बंद केले?

विचारल्याने फरक पडतो. व्हीएलसी प्लेअरचे संकेतस्थळ २०२२ मध्ये काही महिने भारतात बंद होते. ऑक्टोबरमध्ये त्याच्या निर्मात्यांनी सरकारला कायदेशीर नोटीस दिली, नोव्हेंबरमध्ये बंदी उठली.

आणि एक काम आपल्याच हातातले आहे. ज्या ग्रंथांच्या प्रती ठेवण्यास परवानगी आहे, त्या प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत एका हार्डडिस्कवर उतरवून ठेवा. स्पर्धा परीक्षेची मुले, धम्म अभ्यासणारे उपासक, प्रबंध लिहिणाऱ्या मुली या सर्वांना ती उपयोगी पडेल. पाणवठ्यावरचा हक्क आपल्या समाजाने चवदार तळ्यावर मागून घेतला. ज्ञानाच्या पाणवठ्यावर कोणी अडवत असेल, तर निदान ‘का?’ एवढे विचारण्याची सवय तरी आपल्याला असली पाहिजे.