क्षमा कोणाची, माफी कोणाची?

'क्षमा' हा शब्द मराठीत आपण फार सैलपणे वापरतो. सभेला उशिरा आलेला वक्ता क्षमा मागतो, मुद्रणदोषासाठी संपादक क्षमा मागतात, आणि फाशीची शिक्षा झालेला कैदी राष्ट्रपतींकडे करतो तीही क्षमायाचनाच. शिष्टाचार, कायदा आणि अध्यात्म या तिन्ही ठिकाणी एकच शब्द राबत असल्यामुळे, एखाद्याने खरोखरच क्षमा केली की आपला गोंधळ उडतो.

२२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातील (आजच्या ओडिशातील) केओंझर जिल्ह्यात, मनोहरपूर या गावी, ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि फिलिप व टिमथी हे त्यांचे दहा व सहा वर्षांचे मुलगे गाडीत झोपले असताना जमावाने त्यांना जिवंत जाळले. बारिपदा येथे स्टेन्स अनेक वर्षे कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. अंत्यविधीच्या वेळी त्या आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी एस्थर यांनी प्रार्थनागीत गायिले. सारा देश थक्क झाला.

या थक्क होण्याचीच चिकित्सा व्हायला हवी, असे वाटते. आपल्याकडे क्षमेची थोर परंपरा आहेच. लोकांच्या छळाने व्यथित झालेले ज्ञानदेव दार लावून बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने त्यांना विनविले, ही ताटीच्या अभंगांमागची परंपरागत कथा सर्वपरिचित आहे. तिथे मुक्ताबाई ज्ञानदेवांना त्यांच्या संतत्वाची आठवण करून देते. जो थोर आहे त्याने जगाचे अपराध पोटात घालावेत, अशी तिची भूमिका आहे. ख्रिस्ती क्षमेची बैठक वेगळी आहे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत देवाकडे मागितलेली क्षमा आणि आपण इतरांना केलेली क्षमा एकत्र गुंफलेल्या आहेत. तिथे क्षमा करणारा स्वतःही क्षमेचा याचकच असतो. म्हणून ती उंचावरून केलेली कृपा ठरत नाही. क्रुसावरचा येशूदेखील मारेकऱ्यांसाठी पित्याची प्रार्थना करतो. निवाडा तो पित्याच्या हाती सोपवितो.

हा भेद ध्यानात घेतला की ग्लॅडिस यांच्या वागण्यातील सुसंगती उलगडते. क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची भूमिका होती. द्वेषाचा हक्क त्यांनी सोडला. न्यायालयाचे काम न्यायालयाकडे राहिले. मुख्य आरोपी दारासिंग याला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ग्लॅडिस मात्र घटनेनंतर लगेच मायदेशी परतल्या नाहीत. २००४ पर्यंत त्या बारिपद्यातच कुष्ठरोग्यांमध्ये राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची प्रार्थना शब्दांत संपली नाही, ती रोजच्या मलमपट्टीत चालू राहिली, असे म्हणता येईल.

येथे धोका आहे तो आपणा प्रेक्षकांचा. पीडिताच्या क्षमेचे आपण इतके कौतुक करतो, की हळूहळू ती त्याचे कर्तव्यच होऊन बसते. जी विधवा क्षमा करू शकत नाही, जो बाप वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवितो, ती माणसे मग आपल्याला लहान वाटू लागतात. शिवाय तिने क्षमा केली, आता तुम्ही कशाला उकरून काढता, हा प्रश्नही तयारच असतो. तिच्या क्षमेवर समाज स्वतःची माफी परस्पर वसूल करून घेतो.

ग्लॅडिस यांनी क्षमा केली ती त्यांच्या वाट्याच्या दुःखापुरती. ज्या द्वेषाने जमाव गोळा झाला, त्याला क्षमा करण्याचा अधिकार त्यांनी आपल्याला दिलेला नाही. तो द्वेष ओळखण्याचे आणि त्याला नाव देण्याचे काम आपल्याकडेच उरते. वर्गात क्षमेविषयी शिकविताना हा फरक सांगितला नाही, तर आपण विद्यार्थ्यांच्या हाती एक सुंदर शब्द तेवढा देऊ.