दाण्याच्या लाडवाची सभा
परवाच्या एकादशीला सोसायटीत दाण्याचा लाडू फिरत होता आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांनी हात जोडले, “नको, दाणे खाल्ले की मळमळतं मला.” झालं, सभा भरली. पित्त, वय आणि नाटकं, असे तीन निकाल तिथल्या तिथे लागले. माझा कौल काकांच्या बाजूने. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, बदामाचंही तेच. हे तेल लहान आतड्यात पोचलं की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते पित्ताशयाला पिळतं आणि जठराला म्हणतं, जरा दमानं घे. आता सकाळपासून रिकाम्या पोटात कूट घातलेली खिचडी, वर दाण्याची आमटी, वर लाडू एवढा माल तुंबला, तर मळमळणार नाही तर काय? (उपासाइतका तेलकट दिवस आपल्या महिन्यात दुसरा नसतो, हे एकदा मान्य करून टाकू.) पित्ताशयात खडे असतील तर कळाही येतात. शिवाय डब्याच्या तळाचं खवट कूट! ‘टाकवत नाही’ म्हणून ते खिचडीत ढकलणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण दाणे खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, तर ती ॲलर्जी असू शकते. तिथे ‘एक खाऊन बघा हो, काही होत नाही’ हा आपला लाडका आग्रह जिवावर बेततो. घसा आवळून श्वास लागला, तर आग्रह करणाऱ्यानेच ताबडतोब 108 ला फोन लावावा.