शांततेच्या कामातले बिनपगारी हात

आंतरराष्ट्रीय शांतता-संस्थांच्या जाहिराती आता आपल्या तरुण मैत्रिणींपर्यंतही पोहोचतात. समाजकार्य, पत्रकारिता, राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुली त्या एकमेकींना पाठवतात. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, 'डिजिटल कम्युनिकेशन्स इंटर्न पाहिजे'. खाली कामांची यादी असते. समाजमाध्यमांवर रोज मजकूर टाकणे, संघर्षग्रस्त भागातल्या स्त्रियांच्या मुलाखती ऐकून उतरवून काढणे, छायाचित्रे निवडून त्यांखाली ओळी लिहिणे, वार्तापत्र तयार करणे, अहवालाचा प्रचार करणे, आणि महिन्याच्या शेवटी किती लोकांनी काय पाहिले याचा हिशेब मांडणे. मुदत तीन ते सहा महिने, आठवड्याचे चार-पाच दिवस. संगणकावरची कौशल्ये आधीच आलेली हवीत, दोन भाषा येत असतील तर उत्तम. आणि अगदी तळाशी एक ओळ असते, की पद बिनपगारी आहे, फार तर प्रवासाचा आणि दुपारच्या जेवणाचा खर्च मिळेल.

सगळ्याच संस्था असे करत नाहीत. काही रीतसर विद्यावेतन देतात. पण ही तळाची ओळ इतकी रुळली आहे, की ती वाचून कोणाला काही खटकत नाही. ते खटकायला हवे, म्हणून हा लेख.

ती यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. त्यात शिकण्याचा भाग किती आणि करण्याचा किती? संस्थेला हे काम रोज लागते. एक इंटर्न गेली की तिच्या खुर्चीवर दुसरी येते. म्हणजे जागा कायमची आहे, फक्त माणूस तात्पुरते आहे. ज्या कामावाचून संस्थेचे चालत नाही ते काम 'अनुभव' या नावाखाली फुकट करून घेतले जाते. ही युक्ती आपल्याला नवी नाही. बाई घरात राबते ते प्रेमापोटी, म्हणून त्याचा दाम नाही, असे आपल्याला पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. १९७२ साली सेल्मा जेम्स आणि तिच्या मैत्रिणींनी युरोपात 'घरकामाला वेतन' ही मोहीम उभी केली ती याच मुद्द्यावर. घरात 'प्रेम' या शब्दाने जे साधले, ते इथे 'ध्येय' या शब्दाने साधले जाते. आणि लिहिणे, नीटनेटके मांडणे, सगळ्यांशी गोड बोलून काम पुढे नेणे हे 'बायकांना जमतेच' असे मानले जात असल्याने या खुर्च्यांवर मुली मोठ्या संख्येने दिसतात, यात नवल नाही.

कायदाही या व्यवस्थेला हात देतो. ब्रिटनमध्ये किमान वेतनाचा कायदा १९९८ साली झाला आणि एप्रिल १९९९ पासून लागू झाला. त्याच कायद्यात एक कलम असे आहे की धर्मादाय आणि स्वयंसेवी संस्थांत काम करणाऱ्या 'स्वयंसेवी कामगारां'ना केवळ खर्च दिला, तर किमान वेतन द्यावे लागत नाही. स्वखुशीने शनिवारी दोन तास मदत करणाऱ्या बाईसाठी अशी तरतूद असणे समजू शकते. पण आठवड्याचे पाच दिवस वेळेवर येणाऱ्या, वरिष्ठांना जाब देणाऱ्या मुलीवर तोच शिक्का मारला की कारखानदाराला जे करता येत नाही ते न्यायाची भाषा बोलणाऱ्या संस्थेला करता येते.

संयुक्त राष्ट्रांचीही हीच कथा. सचिवालयातल्या इंटर्नला वेतन नाही. प्रवास, व्हिसा, विमा, राहणे-खाणे सगळे तिचे तिनेच पाहायचे, असा नियम वर्षानुवर्षे चालत आला. २०१५ साली न्यूझीलंडचा एक २२ वर्षांचा तरुण इंटर्न जिनिव्हात तंबूत राहतो आहे ही बातमी जगभर गाजली. लोकांचे लक्ष वेधावे हाही आपला हेतू होता, असे त्याने पुढे सांगितले. पण त्यामुळे भाडे कमी झाले नाही आणि प्रश्नही खोटा ठरला नाही. पुढे थोडे बदलले. २०१७ साली युरोपीय लोकपालांनी बजावले की युरोपीय संघाच्या परदेशांतल्या कार्यालयांनी प्रशिक्षणार्थींना पैसे द्यायला हवेत. फुकट कामामुळे गरीब घरच्या मुलामुलींना दार बंद होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून विद्यावेतन सुरू केले. म्हणजे मागणी लावून धरली तर हलते.

आता शांततेच्या कामाचा खास प्रश्न. १९९९ साली इंटरनॅशनल अलर्ट आणि इतर अनेक संघटनांनी गावच्या पंचायतीपासून वाटाघाटीच्या टेबलापर्यंत स्त्रियांना स्थान हवे, अशी मोहीम काढली. ३१ ऑक्टोबर २००० रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ एकमताने मंजूर केला. शांततेचे निर्णय घेताना स्त्रियांचा सहभाग असलाच पाहिजे, हे त्यात मान्य झाले. जगभरच्या स्त्री-संघटनांच्या रेट्याचे हे फळ होते. पण सहभाग म्हणजे केवळ टेबलाभोवतीची खुर्ची नव्हे. युद्ध भोगलेल्या बाईची गोष्ट कोणत्या शब्दांत जगापुढे जाईल, तिचा कोणता फोटो निवडला जाईल, तिला 'बळी' म्हणायचे की 'कार्यकर्ती', हे ठरवणे हीसुद्धा सत्ता आहे. आणि ही सत्ता आज लंडन, जिनिव्हा, न्यूयॉर्क इथे सहा महिने स्वखर्चाने राहू शकणाऱ्या मुलीच्या हाती जाते. काबूल, जाफना किंवा गोमाच्या मुलीला ती खुर्ची परवडत नाही, आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीलाही नाही. जिच्यावर प्रसंग गुदरला तिची फक्त मुलाखत होते.

हे काम किरकोळ नाही, हेही नीट समजून घ्यायला हवे. जुलै २०१४ मध्ये म्यानमारच्या मंडाले शहरात एका बौद्ध स्त्रीवर मुस्लिम दुकानदाराने बलात्कार केल्याची बातमी फेसबुकवरून पसरली. दंगल झाली, दोन माणसे मारली गेली. आरोप बनावट होता, असे पुढे पोलिसांनी सांगितले. २०१७ साली त्याच देशात लाखो रोहिंग्यांना पळून जावे लागले. द्वेष पसरवण्यात फेसबुकचा मोठा वाटा होता, असे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी पथकाने २०१८ साली म्हटले, आणि आपण पुरेसे केले नाही हे कंपनीनेही त्याच वर्षी कबूल केले. बाईच्या अब्रूचे नाव पुढे करून आग लावायची ही रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे. अफवेला वेळेत उत्तर कसे द्यायचे, ती खोडताना तिचाच प्रचार कसा टाळायचा, हे अनुभवाचे काम आहे. मुलाखत दिलेल्या बाईचा चेहरा, गाव, मुलांची नावे यांतले काय झाकायचे हेही तसेच. एका फोटोमुळे सशस्त्र टोळीला तिचा पत्ता लागू शकतो. तिने फोटोला 'हो' म्हटले तेव्हा तो कुठवर जाणार हे तिला कोणी समजावून सांगितले होते का, हे विचारायला मेजावर बसलेलीला अधिकार हवा. सहा महिन्यांनी जिला शिफारसपत्राची गरज आहे, अशी बिनपगारी मुलगी वरिष्ठांना 'हा फोटो टाकू नका' असे कितीदा म्हणू शकेल?

यावर दोन उत्तरे नेहमी येतात. पहिले, पैसा नाही. निधी खरोखरच आटला आहे. २०२५ साली अमेरिकेने परदेशी मदत कापली तेव्हा शांततेचे काम करणाऱ्या कितीतरी संस्थांना फटका बसला. पण टंचाईचा भार नेहमी सर्वांत खालच्या पायरीवरच का? निधी मागताना छपाईचा, विमानप्रवासाचा, सभागृहाचा खर्च मांडता येतो, तसा या मुलीच्या श्रमाचाही मांडता येईल. दुसरे उत्तर असे, की पैसे द्यायचे तर जागा कमी होतील. होऊ देत. सहा बिनपगारी जागांपेक्षा दोन पगारी जागा बऱ्या. त्या दोन निदान सर्वांसाठी खुल्या असतील.

बोट परदेशाकडे दाखवून थांबू नये. आपल्याकडच्या संस्थांतही 'तिला चळवळ समजेल' म्हणून मुलींकडून फेसबुकचे पान, अहवालाचे टंकलेखन, पत्रकांचे भाषांतर बिनपैशाने करून घेतले जाते. अंगणवाडीताईंना सरकार वेतन न म्हणता 'मानधन' का म्हणते, यावर आपण मोर्चे काढले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. सरकारला जो प्रश्न विचारतो तो आपल्या कार्यालयातही विचारला गेला पाहिजे. स्वयंसेवा आणि नोकरी यांत फरक आहे. मोर्च्याला येणारी बाई स्वतःच्या इच्छेने येते, तिला कोणी हजेरी विचारत नाही. जिथे हजेरी आहे, वेळ ठरलेली आहे, वरिष्ठ आहे, तिथे काम आहे आणि कामाला दाम हवा.

म्हणून मागण्या साध्या आहेत. ज्या शहरात राहायचे तिथे जगता येईल इतके विद्यावेतन मिळावे. संघर्षग्रस्त भागातल्या मुलींना आपल्या गावी राहून, आपल्या भाषेत, पगारावर हे काम करता यावे. लेखाखाली, छायाचित्राखाली काम करणारीचे नाव असावे, आणि तिला धोका असेल तर नाव न देण्याचा हक्कही असावा. एखाद्या बाईच्या सुरक्षिततेसाठी मजकूर थांबवण्याचा अधिकार लेखी असावा. आणि तक्रार ऐकणारे कोणी तरी तिच्या थेट वरिष्ठाखेरीज असावे.

आपल्या ओळखीची मुलगी अशा जागेसाठी अर्ज करत असेल, तर तिला अडवू नका. तिला तिथे जायला हवे. पण पैशांचे, वेळेचे, अधिकाराचे हे प्रश्न मुलाखतीतच विचारायला तिला शिकवा. ते विचारल्यामुळे जागा गेली, तर ती गोष्ट आपल्या गटांत उघडपणे बोलली जाऊ द्या. कोणाच्या तरी फुकट श्रमावर उभ्या राहिलेल्या शांततेत न्याय कितीसा असणार?