गाळ काढावा, पण टेलचे पाणी तोडू नये

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचे पाणी ज्यांच्या शिवारात नेले, त्या सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांना एक न्याय समजावून सांगावा लागत नाही : कालव्यातला गाळ काढलाच पाहिजे, पण त्या निमित्ताने टेलच्या शेतकऱ्याचे पाणी तुटता कामा नये. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातला वाद नेमका हाच आहे.

लिनक्स १९९१ साली ३८६ प्रोसेसरवर जन्मले. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच ३८६ चा आधार त्यातून काढून टाकण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीने ३२ बिटच्या जुन्या संगणकांवर नव्याने बसविण्याची सोय बंद केली.

हे निर्णय लहरीपणाचे नव्हेत. जुना कोड फुकट सांभाळला जात नाही. प्रत्येक बदलाच्या वेळी तो तपासावा लागतो आणि ते श्रम पुष्कळदा बिनपगारी असतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेमधील भगदाडाने जगभरचे सर्व्हर धोक्यात आले. जुन्या वापरकर्त्यांची अडचण होऊ नये म्हणून राखलेली एक सोयच त्याच्या मुळाशी होती.

परंतु ‘आता हे कोणी वापरत नाही’ हे ठरवितो कोण? धनिक कंपनी नवे यंत्र घेते. जत किंवा माण तालुक्यातील एखादी शाळा देणगीत मिळालेल्या संगणकावर भागवीत असेल, तर तिची तक्रार त्या चर्चेपर्यंत पोहोचतच नाही. तिचे मौन ही तिची संमती नव्हे.

म्हणून जुने काढावे, पण पूर्वसूचना आणि मुदत देऊन. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीला जून २०२८ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. त्यानंतरही जुना कोड सांभाळण्याचा हक्क मुक्त परवान्याने सर्वांना दिलेला आहे. मात्र कुळाला जमीन मिळाली आणि बैल-बियाणे मिळाले नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो.

यासाठी मनुष्यबळ उभे केले पाहिजे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे लिनक्स मंडळ आहे. अशा तरुणांच्या देखभालीच्या कामाला विद्यापीठांनी अभ्यासक्रमात गुण द्यावेत, आणि हे सॉफ्टवेअर विनामूल्य वापरणाऱ्या शासनाने त्या श्रमांचे मोल चुकवावे. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या शाळांत ३२ बिटचे किती संगणक आहेत, याची मोजणी आजच सुरू करावी. ज्यांची मोजदादच झाली नाही, त्यांचा वाटा सर्वांत आधी बुडतो.