विज्ञानकट्टा : काचपट्टीवरचा लाल थर

मुलांनो, बारावीनंतर रसायनशास्त्र घेतलं की पेडणे-डिचोलीतल्या बऱ्याच जणांना वाटतं, संशोधन म्हणजे कोट्यवधींची यंत्रं. ते आपलं काम नव्हे. तसं नेहमीच नसतं. सावंतवाडी, आंबोलीमार्गे गेलं की कोल्हापूर. तिथल्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि सहकाऱ्यांनी धातूंच्या सल्फाइड-सेलेनाइडचे पातळ थर साध्या काचपात्रात चढवण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला.

कॅडमियम सेलेनाइडचंच बघा. सेलेनियमची पूड सोडियम सल्फाइटच्या द्रावणात काही तास तापवली की सोडियम सेलेनोसल्फेट तयार होतं. दुसऱ्या पात्रात कॅडमियमच्या क्षारात अमोनिया घालतात. अमोनिया कॅडमियमला धरून ठेवतो, थोडं थोडंच सोडतो. मग दोन्ही एकत्र करून त्यात स्वच्छ काचपट्टी उभी ठेवायची.

सगळी करामत सावकाशपणात आहे. दुधात लिंबू पिळलं तर ते फाटतं, विरजण लावलं तर घट्ट दही लागतं. इथंही घाई झाली तर नुसता गाळ तळाला बसतो. सावकाश घेतलं तर काचेला नारिंगी-लाल थर धरतो, केसाहून कितीतरी पातळ.

हा पदार्थ अर्धवाहक आहे. त्याचा बँड गॅप सुमारे 1.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट; उजेड पडला की त्यातून वीज जास्त वाहते. गंमत म्हणजे कण काही नॅनोमीटरचे असले तर आकाराप्रमाणे रंग बदलतो. असे एकसारखे कण बनवण्याची रीत मौंगी बावेंडी यांनी 1993 मध्ये दाखवली. क्वांटम डॉट्ससाठी 2023 चं नोबेल त्यांना ब्रुस आणि एकिमोव्ह यांच्यासोबत मिळालं.

मात्र हा प्रयोग घरी करायचा नाही. कॅडमियम विषारी आहे. जपानमध्ये खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत उतरलं आणि लोकांची हाडं ठिसूळ झाली. 'इताई-इताई' हा रोग त्यातूनच झाल्याचं तिथल्या सरकारनं 1968 मध्ये मान्य केलं. आपल्या खाणी लोखंडाच्या, तिथली गोष्ट वेगळी. पण खाणीचं पाणी शेतात शिरलं की काय होतं, हे डिचोलीकरांना वेगळं सांगायला नको.

म्हणून उद्या कुठल्याही प्रयोगशाळेत गेलात तर थराचा रंग जरूर बघा. पण त्याआधी विचारा, उरलेलं द्रावण कुठं जातं? ते मोरीत न ओतता वेगळं साठवून त्याची नीट विल्हेवाट लागली, तरच प्रयोग पुरा झाला म्हणायचा.