वीस मिनिटांची नळी, पाच मिनिटांचा झटका

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडचे नाव वैद्यकीय नियतकालिकांत पोचले ते सर्पदंशामुळे. तिथले डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या सर्पदंशावरच्या उपचारांचा आपला दहा वर्षांचा अनुभव 2005 मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त मांडला. सर्पदंशाच्या रुग्णासाठी एक चाचणी आहे, तिला यंत्र लागत नाही आणि वीजही लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी 20 मिनिटे न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त गोठून जागेवर बसले असेल तर तूर्त ठीक. पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरशाचे विष रक्तात भिनले आहे, सर्पविषरोधक लस सुरू करायची. नळी साबणाने धुतलेली असेल तर उत्तर चुकते, प्लॅस्टिकची असेल तरी चुकते, आणि मण्यार चावली असेल तर रक्त बिनदिक्कत गोठते नि माणूस श्वासाअभावी जातो. एवढ्या मर्यादा असूनही ही नळी टिकली, कारण तिने काही सांगितले की पुढे काय करायचे ते लगेच ठरते.

रक्ताच्या अशाच साध्या तपासणीतून आता दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधले जात आहे. मोठ्या माणसाला झटके सुरू झाले आणि थांबलेच नाहीत, तर तो बरा होईल का, कितपत होईल? वैद्यकाच्या भाषेत या अवस्थेला ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणतात. आपल्याकडे फिट, आकडी, फेफरे, मिरगी, काहीही म्हणा. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. सर्वांगाचा झटका पाच मिनिटांपुढे गेला तर तो आपण होऊन थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि तीस मिनिटांपुढे मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2015 मध्ये व्याख्या सुधारताना हेच दोन आकडे धरले. बसस्थानकावर कुणी कोसळला तर पहिली पाच मिनिटे कांदा शोधण्यात, चप्पल हुंगवण्यात आणि मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबण्यातच जातात, हे पाहिलेले नाही असा माणूस मराठवाड्यात विरळा.

अभ्यासकांचे लक्ष गेले आहे ते रक्तातल्या दाहाच्या खुणांकडे. त्यातली सर्वांत स्वस्त खूण प्रत्येक सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर छापलेली असते, फक्त भागाकार आपला आपण करावा लागतो. समजा कागदावर पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल 78 आणि लिम्फोसाइट 12 टक्के आहेत. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. भागाकार आला साडेसहा. धडधाकट माणसात हा आकडा साधारण एक ते तीनच्या दरम्यान असतो. दुसरी खूण सीआरपी हे प्रथिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. तिसरी खूण उलट्या दिशेची आहे. अल्ब्युमिन जितके कमी, तितका रुग्ण खंगलेला. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णालयांनी जुने केसपेपर काढून पाहिले, तेव्हा दाखल होताना भागाकार व सीआरपी जास्त आणि अल्ब्युमिन कमी असलेल्यांचे पुढे वाईट झाल्याचे अनेकदा दिसले.

असे का व्हावे, हे समजण्यासारखे आहे. सतत पेटलेल्या मेंदूपेशी आणि त्यांच्या भोवतीच्या आधारपेशी दाह वाढवणारी रसायने सोडतात. मेंदू आणि रक्त यांच्यातली गाळणी सैल पडते आणि एरवी बाहेर अडवले जाणारे पदार्थ आत शिरतात, त्याने झटके आणखी भडकतात. दाहाने झटके आणि झटक्यांनी दाह, असे हे चक्र आहे.

पण खरी गोम पुढेच आहे. झटक्यात शरीर बेफाम राबते, अॅड्रिनलिन उसळते आणि एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल प्रवाहात सुटतात. कॉर्टिसॉल वाढले की लिम्फोसाइट घटतात. म्हणजे कुठलाही जंतू नसताना, केवळ झटक्याच्या दणक्याने भागाकार चढतो. त्यात बेशुद्धीत लाळ किंवा उलटी फुप्फुसात गेली की न्यूमोनिया, आणि सीआरपी वर. झटक्याचे मूळच मेंदूज्वर किंवा क्षयाचा मेंदूदाह असेल तर आकडे आधीपासूनच चढे. दारू एकाएकी तोडलेला माणूस, फवारणीचे औषध पोटात गेलेला शेतकरी, पक्षाघात झालेल्या आजी, गोळ्या संपल्या म्हणून चार दिवस न घेतलेला तरुण, हे सगळे एकाच खाटेवर एकाच नावाच्या आजाराने येतात. कागदावर सगळ्यांचा भागाकार साडेसहाच येईल, पण पुढची वाट प्रत्येकाची निराळी. आग किती मोठी आहे, एवढेच तो आकडा सांगतो. ती कुठल्या खोलीत लागली आहे, हे त्याला ठाऊक नसते. रक्त केव्हा काढले यावरही बरेच अवलंबून आहे. सीआरपी चढायला काही तास लागतात आणि शिखर गाठायला दीड-दोन दिवस, त्यामुळे दारात काढलेली सीआरपी साधारण आली म्हणून हुश्श करण्यात अर्थ नाही.

भाकीत करण्याची रक्ताविना चालणारी रीतही आहे. 2006 पासून वापरात असलेल्या ‘स्टेस’ या गुणपद्धतीत चारच गोष्टी बघतात: वय 65 च्या पुढे आहे का, उपचार सुरू होताना शुद्ध किती होती, झटका कोणत्या प्रकारचा आणि याआधी कधी झटके आले होते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाहून नातेवाईक चक्रावतात, कारण जुना अपस्मार असणे इथे रुग्णाच्या पथ्यावर पडते. त्याच्या झटक्यामागे बऱ्याचदा चुकलेली गोळी असते. आयुष्यात पहिल्यांदाच आणि एवढा लांबलेला झटका येतो, तेव्हा मागे काहीतरी मोठे दडलेले असण्याची धास्ती अधिक. रक्ताच्या खुणा या चार प्रश्नांच्या जोडीला घेतल्या तर अंदाज थोडा सुधारेल, हा दावा पटण्याजोगा आहे. मात्र बहुतेक अभ्यास लहान, एकेका रुग्णालयापुरते आणि मागे वळून पाहणारे आहेत. धोक्याची रेषा कुठे ओढायची, यावर त्यांचे एकमत नाही.

आमची शंका आकड्यापेक्षा त्याच्या वापराबद्दल आहे. अतिदक्षता विभागाच्या दारात उभा असलेला भाऊ डॉक्टरांना एकच विचारतो, ‘साहेब, वाचेल का?’ त्याच्या डोक्यात बैलजोडी विकायची की सोन्यावर कर्ज काढायचे, याचा हिशेब सुरू असतो. अशा वेळी ‘रिपोर्ट चांगला नाही’ या तीन शब्दांवर रुग्णाला घरी नेले जाऊ शकते. तो गेला की भाकीत खरे ठरल्याची नोंद होते. प्रत्यक्षात शंभर रुग्णांवरून काढलेली शक्यता त्या एका खाटेवरच्या माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही, आणि लांबलेल्या झटक्यांतूनही बहुसंख्य प्रौढ वाचतात. चढा आकडा दिसला तर संसर्ग शोधा, छातीचा एक्स-रे काढा, कमरेतून पाणी काढायचे का ते ठरवा, रुग्णाला लवकर मोठ्या रुग्णालयात पाठवा. त्याचे काम एवढ्यापुरते ठेवले तर तो काचेच्या नळीच्या जातीचा होतो. नातेवाईकांसमोर निकालपत्रासारखा वाचायला तो नाही.

मुखेडहून नांदेडचे विष्णुपुरीतले मोठे सरकारी रुग्णालय सत्तरेक किलोमीटर, लातूर त्याहून लांब. भागाकार काहीही येवो, या वाटेवर मेंदूत एक वेगळेच गणित चालू असते. झटका थांबवणारी पहिली औषधे ज्या ग्राहींवर बसतात, ते ग्राही झटका लांबेल तसे पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. दहाव्या मिनिटाला लागू पडणारी मात्रा चाळिसाव्या मिनिटाला तोकडी पडू शकते. 2012 च्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णालयात पोचण्याआधीच स्नायूत मिडाझोलाम टोचलेल्यांपैकी 73 टक्के रुग्ण झटके थांबलेल्या अवस्थेत रुग्णालयात पोचले. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत हे प्रमाण 63 टक्के होते. शीर सापडेपर्यंतचा वेळ वाचला, त्याचाच हा परिणाम. लोराझेपाम फ्रिजमध्ये ठेवावे लागते, मिडाझोलामला त्याची गरज नाही, आणि त्याचा नाकात मारायचा फवाराही आपल्याकडे मिळतो. 2019 च्या आणखी एका चाचणीने पुढच्या पायरीवरची तिन्ही औषधे, लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅलप्रोएट, जवळपास सारखीच ठरवली. प्रत्येकाने जवळपास निम्म्या रुग्णांचे झटके थांबले. तेव्हा कोणते औषध, यावर वाद घालत बसण्याऐवजी जे हाताशी असेल ते पुऱ्या मात्रेत वेळेवर द्यावे.

2014 पासून 108 ची गाडी डॉक्टरसह गावात येते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा तालुक्यातून वर पाठवताना सोबत जी चिठ्ठी दिली जाते, तिच्यावर रुग्णाचे नाव, वय, गाव, रक्तदाब, साखर सगळे लिहिलेले असते. त्याच चिठ्ठीवर दोन ओळींची जागा हवी: झटका किती वाजता सुरू झाला, आणि पहिले इंजेक्शन किती वाजता दिले. पहिली वेळ घरच्यांना विचारली तर कळते, कुणीतरी मोबाइल काढून 108 लावलेला असतो आणि त्या कॉलची वेळ फोनमध्येच असते. दुसरी लिहायला पेन पुरते.